३० एप्रिलनंतरचे ५१८ युनिट आमचे नाहीत

प्रति,
उपविभागीय अधिकारी, वीज वितरण कंपनी,
कार्यकारी मंडळ, आमची जुनी सोसायटी,
आणि घर भाड्याने देणारे सर्व मालक

सविनय नमस्कार.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी असे चौघं गेली तीन वर्षं सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत भाड्याने राहत होतो. भाडं पंधरा हजार, डिपॉझिट साठ हजार. ३० एप्रिलला करार संपला तसं आम्ही घर सोडलं. तीन वर्षांत एकदाही भाडं थकलं नाही आणि लाइट बिलाची तारीख चुकली नाही. हे आधी सांगते, कारण त्यानंतर जे झालं त्यात आम्हाला बिल बुडवून पळालेले लोक ठरवलं गेलं आहे आणि ते मला गप्प बसून सोसवत नाही.

१४ जुलैला घरमालक काकांनी डिपॉझिटचे ४३,८९० रुपये खात्यावर पाठवले. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर हिशोब: लाइट बिल ११,८७०, टँकरची वर्गणी ३,६००, पाइप गॅस ६४०. एकूण कपात १६,११०. खाली एक ओळ, "बिल तुमच्या काळातलं आहे."

नव्या घराचं डिपॉझिट भरायला आम्ही सासूबाईंच्या भिशीचे पैसे घेतले होते. जुन्या घराचं डिपॉझिट आलं की लगेच परत देतो, असा त्यांना शब्द दिला होता. अडीच महिने त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आता त्या भिशीत सोळा हजारांचा खड्डा आहे आणि त्यातला बराचसा आम्ही न जाळलेल्या विजेसाठी पडलेला आहे.

घर सोडल्या दिवशीचं सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. टेम्पो खाली उभा होता, कपाट जिन्यात अडकलं होतं. तेवढ्यात मी वॉचमनदादांना जिन्याखालची मीटरची खोली उघडायला लावली. आत दिवा नव्हता. मोबाइलच्या उजेडात आमच्या फ्लॅटचा नंबर शोधला, मीटरच्या काचेवरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली आणि फोटो काढला. आकडा १४,५८८. शेजारी लाल दिवा लुकलुकत होता, वर मीटरचा क्रमांक स्वच्छ दिसत होता. वर आले तेव्हा काका नळ तपासत होते, पंखे मोजत होते, खिडकीच्या जाळ्या बघत होते. मी म्हटलं, "काका, रीडिंगचा फोटो पाठवलाय, बघून घ्या." ते म्हणाले, "असू दे गं, बिल आलं की बघू." संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी तो फोटो त्यांना पोचला आणि त्यांनी तो बघितला, याची खूण अजून माझ्या फोनवर आहे.

लॅबमध्ये रक्ताची नळी हातात आली की आम्ही आधी लेबल बघतो: नाव कोणाचं, घेतली कधी. लेबल नसेल तर ती नळी मशिनला लागत नाही, मग पेशंट कितीही घाईत असो. माझ्या मीटरच्या फोटोवर आकडा आहे, मीटरचा क्रमांक आहे, तारीख आणि वेळ आहे. मला ११,८७० रुपये भरायला लावणाऱ्या बिलावर मात्र कोण कधी राहत होतं, हे कुठेच नाही.

आता हिशोब.

२० जानेवारीला कंपनीच्या माणसानं शेवटचं खरं रीडिंग घेतलं, १४,२१०. त्यानंतर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे, असे चार महिने बिलावर मीटरच्या स्थितीपुढे "लॉक्ड", म्हणजे मीटरच्या खोलीला कुलूप, असं छापलेलं आहे. चारही बिलं सरासरीची, प्रत्येकी ९५ युनिटची. ही सरासरी थंडीतल्या महिन्यांवरून काढलेली, म्हणून कमी आली. पहिली तीन बिलं आम्ही वेळेवर भरली. २० जूनला एकदाचं रीडिंग झालं, १५,१०६. मग पाच महिन्यांचे ८९६ युनिट एकाच बिलात आले आणि सरासरीचे पैसे वजा करून ११,८७० रुपये निघाले.

आमच्या फोटोतला आकडा मध्ये ठेवा. २० जानेवारी ते ३० एप्रिल या शंभर दिवसांत आम्ही ३७८ युनिट वापरले. त्यातल्या २८५ युनिटचे पैसे भरलेले आहेत. उरले ९३. ते आमचे आहेत, ते मी द्यायचे आहेत आणि आजही द्यायला तयार आहे. हजार-बाराशेच्या वर ती रक्कम जाणार नाही.

३० एप्रिल ते २० जून या ५१ दिवसांत त्याच मीटरवर ५१८ युनिट पडले. आम्ही चौघं दिवसाला चार युनिटच्या आत राहणारी माणसं. आमच्यानंतर तिथे रोज दहा युनिट जळत होते. का, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. मे महिनाभर तिथे फरशी बदलण्याचं काम चाललं होतं, कटर सकाळपासून सुरू व्हायचा, रंगारी रात्री हॅलोजन लावून काम करायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवीन भाडेकरू आले, त्यांनी एसी बसवला. ज्यानं त्यानं आपल्या घरात काय करायचं ते करावं. ती वीज माझ्या खात्यावर का?

यात स्लॅबचा मुद्दा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं थांबते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी, पाचशेच्या वर सगळ्यात महाग. त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आमच्यासारखं महिन्याला ११३ युनिट वापरणारं घर पहिला टप्पा जेमतेम ओलांडतं. पण पाच महिने कोणी रीडिंगच घेतलं नाही आणि ८९६ युनिट एका महिन्याचे म्हणून मोजले, तर त्याच घराची वीज सगळ्यात महाग दरात जाऊन बसते. युनिट महिन्यांमध्ये विभागून टप्पे लावायला हवेत. आमच्या बिलात ते तसे विभागलेत की नाही, हे बिल तीन वेळा वाचूनही कळत नाही. रक्कम बघता मला ते विभागलेले वाटत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग बंद होतं आणि जूनमध्ये एकदम सगळ्या महिन्यांची बिलं आली, तेव्हा घराघरांत हाच प्रश्न विचारला गेला होता. तेव्हा साथीचं कारण होतं. या फेब्रुवारीत एका खोलीला कुलूप होतं, एवढंच.

उपविभागीय अधिकारी महोदय, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आपल्या कार्यालयात आले होते. खिडकीवरच्या ताईंनी बिल हातात घेतलं आणि विचारलं, "हे नाव तुमचं आहे का?" नव्हतं. मालकांचं आहे का? तेही नव्हतं. आमच्या मालकांनी ज्यांच्याकडून तो फ्लॅट घेतला, त्यांचं नाव अजून बिलावर चालू आहे. ते आता पुण्यात नाहीत. "मग ग्राहकाला घेऊन या, तक्रार ग्राहकाचीच घेता येते." मी नोंदणी केलेला करार दाखवला, छत्तीस महिन्यांचे बिल भरल्याचे पुरावे फोनवर दाखवले, मीटरचा फोटो दाखवला. त्या ताई उद्धट नव्हत्या, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पण अर्ज काही घेतला नाही.

माझी आपल्याकडे पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. तीन वर्षं माझ्या खात्यातून पैसे घेताना तुम्हाला नाव जुळवावंसं वाटलं नाही. अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकला की कोणीही बिल भरू शकतं. चुकीचं बिल आल्यावर मात्र पैसे भरणारी व्यक्ती तुमच्या लेखी कोणीच नाही. वीज कायदा २००३ मी वाचला. त्यात कलम २ मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे आणि ती बिलावरच्या नावापाशी थांबत नाही. स्वतःच्या वापरासाठी जिला वीज पुरवली जाते ती व्यक्ती ग्राहक आहे, आणि ज्याच्या जागेला त्या वेळी वीजजोडणी आहे त्याचाही त्यात समावेश आहे. भाडेकरू स्वतःच्या वापरासाठीच वीज घेतो. माझा अर्ज घ्यायला कायदा आड येत नव्हता. खिडकीवरची सवय आड आली.

दुसरी तक्रार सरासरी बिलांची. केंद्र सरकारने २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यात एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं काढू नयेत असं सांगितलेलं आहे. आमच्या मीटरवर सलग चार निघाली. मध्ये ३१ मार्च येतो म्हणून दोन या वर्षात आणि दोन त्या वर्षात, असं कागदावर बसवता येईल. पण ज्या घराचा मीटर चार महिने कोणी डोळ्यांनी पाहिला नाही, त्या घराला या उत्तरानं काय मिळणार? मीटर बंद खोलीत दिसला तर मालकाला, सोसायटीला किंवा बिल भरणाऱ्याला एक मेसेज पाठवता आला असता. बिल तयार झाल्याचा मेसेज दर महिन्याला न चुकता येतोच की.

तिसरी. घर रिकामं होताना किंवा राहणारं कुटुंब बदलताना विशेष रीडिंग घ्यायची तरतूदही याच नियमांत आहे. ती मागायची असते, हे मला घर सोडून अडीच महिने झाल्यावर कळलं. आपल्या कार्यालयात इतके फलक आहेत, थकबाकीचे, वीजचोरीचे, ऑनलाइन बिल भरण्याचे. घर सोडताना काय करायचं, हे सांगणारा एकही नाही.

आता सोसायटीच्या कार्यकारी मंडळाला. तुमच्याशी माझं भांडण कधी झालं नाही, गणपतीत मी तुमच्यासोबत मोदक वळलेत. पण चार महिन्यांचं "लॉक्ड" हे तुमच्या कुलपामुळे आहे. वॉचमनदादांनी मला सांगितलं की फेब्रुवारीत रीडिंगवाला दोनदा आला होता. दोन्ही वेळा दादा मागच्या गेटवर टँकरची नळी धरून उभे होते आणि चावी त्यांच्या खिशात होती. तो पाच मिनिटं थांबला, दुचाकी वळवली आणि गेला. मीटरच्या खोलीला कुलूप हवंच, फ्यूज चोरीला जातात. दुसरी चावी सेक्रेटरींकडे किंवा तळमजल्यावर कोणाकडे तरी ठेवायला मात्र एक रुपया लागत नाही. त्या एका चावीपायी साऱ्या इमारतीची सरासरी बिलं आली असणार. मालक राहतात त्या घरांत पुढच्या महिन्यात वर-खाली होऊन जातं. भाडेकरू मधेच घर सोडतो, त्याच्या गळ्यात ते कायमचं पडतं.

टँकरच्या वर्गणीचंही तसंच. एप्रिल, मे, जून असे महिन्याला बाराशेप्रमाणे ३,६०० तुम्ही मालकांकडून घेतले आणि मालकांनी ते माझ्याकडून कापले. एप्रिलचे बाराशे मला मान्य. मे आणि जूनमध्ये आम्ही त्या नळाचं पाणी प्यायलेलोही नाही. वर्गणीच्या पावतीवर तुम्ही महिन्यांची नावं लिहिली असती तर हा वादच झाला नसता. पावतीवर नुसतं "उन्हाळी टँकर" असं आहे. गॅसचं तर बोलायलाच नको. ६४० रुपयांचं ते बिल मे-जूनचं आहे, बिलावर तारखा छापलेल्या आहेत. एप्रिलपर्यंतचं बिल आम्ही चावी देण्याआधी भरलं होतं.

काका, हे तुम्हीही वाचाल. नाव घेतलेलं नाही, घेणार नाही. माझ्या मुलीला तापात तुम्ही तुमच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच १४ जुलैनंतर मी तुम्हाला तीन वेळा फोन केला, भांडायला नाही, फोटो समोर ठेवून दोघांनी मिळून आकडे मांडायला. तुम्ही म्हणालात, "कंपनीनं बिल दिलंय, मी काय करू?" काका, फरशीचं काम तुम्ही स्वतः उभं राहून करून घेतलंत. कटर कोणत्या मीटरवर चालला हे तुम्हाला कंपनीनं सांगायला नको. आपल्या करारात लिहिलं आहे की ताबा असेपर्यंतचं वीजबिल लायसन्सीनं, म्हणजे भाडेकरूनं, भरायचं. ताबा ३० एप्रिलला तुमच्या हातात दिला, चावीसकट.

घर भाड्याने देणाऱ्या बाकी सगळ्या मालकांनाही हेच सांगायचं आहे. डिपॉझिट हा तुमच्याकडे ठेवायला दिलेला आमचा पैसा आहे. त्यातून काही कापायचं तर आधी बिल दाखवा, आमचं म्हणणं ऐका, मग कापा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नं करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा असं बंधन घातलं आणि त्याची जबाबदारी मालकावर टाकली, त्यामुळे निदान भाडं आणि मुदत आता कागदावर असतात. सोडतानाचा हिशोब मात्र अजून तोंडी चालतो. केंद्रानं २०२१ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको आणि रास्त कपात करून उरलेलं ताबा घेतानाच परत द्यावं, असं आहे. आम्ही चार महिन्यांचं भाडं देऊन बसलो होतो आणि ते ७५ दिवसांनी परत आलं. माझ्या लॅबमध्ये नांदेड, लातूर, जळगावहून आलेल्या सहा मुली आहेत. त्या दर अकरा महिन्यांनी घर बदलतात. सहापैकी चौघींचं डिपॉझिट "बिल यायचंय" या कारणानं कधी ना कधी अडकलेलं आहे. त्या भांडत नाहीत, कारण भांडायला रजा लागते आणि रजेचा पगार कापला जातो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कंपनीकडून: १४,५८८ हे ३० एप्रिलचं रीडिंग नोंदवून घ्यावं आणि २० जूनचं बिल दोन भागांत फोडून द्यावं, ३० एप्रिलपर्यंतचं एक आणि त्यानंतरचं एक. दोन्हींत युनिट महिन्यांवर विभागून टप्पे लावावेत आणि ते कसे लावले हे बिलावर लिहावं. माझा अर्ज नोंदणी केलेल्या कराराच्या आधारे घ्यावा आणि पोच द्यावी. ती मिळाली नाही तर मी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाईन आणि गरज पडली तर विद्युत लोकपालांकडेही. पण मला तिथवर जायचं नाही, आपल्या टेबलावर दहा मिनिटांत सुटणारी गोष्ट आहे ही. आणि घर सोडताना विशेष रीडिंग मागता येतं, हा फलक आपल्या खिडकीवर लावावा. कागद आणि चिकटपट्टी मी आणून देते.

सोसायटीकडून: मीटरच्या खोलीची दुसरी चावी, आणि वर्गणीच्या पावतीवर महिना. एवढंच.

काकांकडून: मे-जूनच्या टँकरचे २,४०० आणि गॅसचे ६४०, मिळून ३,०४० रुपये लगेच. त्याला कंपनीच्या उत्तराची वाट बघायची गरज नाही. लाइट बिलातले ९३ युनिटचे पैसे ठेवून घ्या, बाकीचे दुरुस्त बिल आल्यावर द्या.

जी मंडळी या महिनाअखेरीस घर सोडणार आहेत, त्यांनी निघण्याआधी कंपनीकडे विशेष रीडिंगचा अर्ज मालकांच्या सहीनं द्यावा. सही मिळाली नाही तर मालकांना मीटरपाशी उभं करून दोघांच्या समोर फोटो काढावा आणि चावी देतानाच्या कागदावर आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मी फोटो काढला, पण कागदावर सही घेतली नाही. तेवढी एक सही असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

उपविभागीय अधिकारी महोदय, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी पुन्हा आपल्या खिडकीवर येते आहे. सोबत करार, छत्तीस बिलांच्या पावत्या आणि मीटरच्या फोटोची रंगीत प्रत असेल. अर्जाच्या दोन प्रती आणते, एकीवर शिक्का मारून द्यावा.

आपली विश्वासू,
एक भाडेकरू, पुणे